पंचवीसचा बोर्ड आणि आठ ओव्या

मी एक जुनी, बुटकी, राखी रंगाची मोटारगाडी आहे. माझ्या पाठीवर दोन पांढरे पट्टे होते. ते पाहून शेळकेवस्तीच्या बायांनी माझं नाव ठेवलं खारूताई. कारखान्यात मला दिलेलं नाव केव्हाच झिजून गेलं. हे मात्र टिकलं.

मित्रांनो, मी लहान आहे याचं मला कधी वाईट वाटलं नाही. माझी चाकं टोपलीएवढी, इंजिन कपाटाच्या एका कप्प्यात मावेल इतकं. पण जिथे मोठी मोटार वळायला शेत मागते, तिथे मी अंगणात वळते. मोठी मोटार घागरीने पिते, मी तांब्याने. मुंबईच्या गोदीजवळच्या एका शेडमध्ये माझे सुटे भाग जोडले गेले. तेव्हा जोडणारा मिस्त्री माझ्या टपावर थाप मारून म्हणाला होता, "ही पोरगी कुठेही संसार करील." तो शब्द मी खरा केला.

काही वर्षं शहरात काढून मी रंगनाथ गुरुजींच्या घरी आले. गुरुजी तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते आणि कोल्हारपासून आत, डोंगराच्या अंगाला असलेल्या शेळकेवस्तीवर राहत होते. पांढरं धोतर, काळी टोपी आणि हातात फडकं. रोज सकाळी ते मला पुसत, चाकांची हवा पाहत आणि मग विचारत, "काय बाई, निघायचं?" उत्तर म्हणून मी हँडलच्या पहिल्याच फेरीला सुरू होई.

बहात्तरच्या दुष्काळात वस्तीवर काम निघालं ते रस्त्याचं. बायाबाप्यांनी डोंगराचा दगड फोडून खडी केली, ती अंथरली, वर मुरूम टाकला. खडी फोडणाऱ्यांत भागूबाई पुढे असे. चाळिशीची बाई, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. रस्ता झाला आणि हातातला घण ठेवून ती म्हणाली, "आता पुन्यांदा दगुड न्हाई फोडायचा. आता कायतरी जित्तं धरायचं हातात."

म्हणून तिने आणि वस्तीवरच्या दहा बायांनी पांढऱ्या विलायती कोंबड्या पाळल्या. नगरच्या उबवणी केंद्राने त्यांची अंडी पिल्लं काढण्यासाठी घ्यायचं कबूल केलं. शंभर अंड्यांतून निदान सत्तर पिल्लं निघाली पाहिजेत, एवढीच अट. पण वस्तीवर एस.टी. येत नव्हती. मग गुरुजी म्हणाले, "माझी खारूताई आहे की."

त्र्याहत्तरच्या संक्रांतीपासून दर गुरुवारी आमची फेरी सुरू झाली. भुशात अंडी रचलेल्या बांबूच्या पाट्या मागच्या बाकावर बसत आणि त्यांच्या शेजारी, एक पाटी मांडीवर घेऊन, भागूबाई. आधी तीन मैल खडीचा रस्ता, मग मनमाड-नगरचा मोठा डांबरी रस्ता. म्हसोबाचा दगड मागे पडला की खरी खडबडीत वाट लागे. तिथे भागूबाई ओव्या धरी. जात्यावर बसल्यासारखी डुलत ती म्हणे,

नवा गं रस्ता केला, खडी माझ्या हाताची,
सांभाळून ने गं बाई, पाटी माझ्या जीवाची.

त्या लयीत मी चाले. गुरुजी माझ्या पोटातला आवाज ऐकून पाय हलका ठेवत. माझी वेगाची तबकडी ते क्वचितच पाहत. आणि काय सांगू मित्रांनो, शंभरातून ऐंशी-ब्याऐंशी पिल्लं निघायची! केंद्राचे शामकांत साहेब म्हणायचे, "गुरुजी, गाडीत अंडी आणता का पाळण्यात?" ते ऐकून माझे दिवे न लावताच उजळायचे.

दसरा झाला आणि रस्त्यावर बोर्ड आले.

म्हसोबाच्या दगडापाशी एक पांढरी पाटी उभी राहिली. तांबडं वर्तुळ आणि आत मोठा आकडा, २५. मोठ्या रस्त्यावर राहुरीच्या अलीकडे दुसरी, ५०. गुरुजींनी गाडी थांबवून, टोपी नीट करून तो पंचवीस वाचला.

"बघ भागूबाई, सरकारने वेग ठरवून दिला. इतके दिवस आपण उगीच रेंगाळत होतो."

"रेंगाळत कुठं? पोचत हुतो की येळंवर."

"ते खरं. पण साहेबांनी रस्ता मोजून आकडा घातला असेल ना! पंचवीस म्हणजे पंचवीस. चोवीस नाही, सव्वीस नाही."

गुरुजींना मर्यादा म्हणजे हुकूम वाटे. शाळेत घंटा झाली की वर्गात, तसा बोर्ड आला की काटा पंचविसावर. त्यांनी पाय दाबला. मी खडीवर उडत निघाले. माझ्या चाकांवरचे स्प्रिंग कुरकुरले, दारं बोलू लागली. मी माझ्या परीने सांगत होते, "गुरुजी, ही माझी चाल नाही." पण खडखडाटाशिवाय मला दुसरी भाषा कुठली! राहुरीच्या अलीकडे काटा पन्नासावर नेला, तेव्हा तर माझं अंग तापाने फणफणल्यासारखं थरथरू लागलं आणि पुढून वाफ निघाली.

नेमका तिथे चहाच्या टपरीवर सहादेव उभा होता. सहादेव एका कंत्राटदाराची जीप चालवी आणि त्याची जीभ जीपपेक्षा जोरात पळे.

"गुरुजी, गाडी हाय का किटली? उकळ्या फुटल्या, चहापत्ती टाकू का?"

"पाणी दे आधी, सहादेव."

"पानी देतो. पन खरं सांगू का, ही गावातल्या गावात लग्नाला न्यायची गाडी. खडी आन् हायवे हिचं काम न्हाई. आमच्या जिपाडाला बघा, दगुड आला तर दगडालाच लागतं!"

"तुजं जिपाड पेट्रोल पितंय बी तसंच," मागून भागूबाई म्हणाली. "तिकडं लढाई लागल्यावर त्येल म्हागलं, तवापास्नं ढकलतच आनतोस म्हनं!"

टपरीवरचे लोक हसले. पण मी हसले नाही. कारण पाटीतली अंडी गप्प होती, आणि तो गप्पपणा मला कळत होता.

कोंबडीचं पिल्लू एकवीस दिवसांनी कवच फोडतं. म्हणून आमच्या फेरीचा निकाल तीन आठवड्यांनी कळे. तो आला तेव्हा शामकांत साहेबांचा चेहरा उतरलेला होता. शंभरातून पंचावन्न. पुढच्या गुरुवारी बावन्न. त्याच्या पुढच्या गुरुवारी एकूणपन्नास. वरून एकही तडा नव्हता, आतले जीवच हादरून गेले होते.

"गुरुजी, कोंबड्या चांगल्या आहेत, मी स्वतः पाहून आलो," साहेब म्हणाले. "दोष वाहतुकीचा दिसतो. इतकी लहान गाडी त्या रस्त्यावर टिकायची नाही. आत्ता उबवणीत आहेत त्या सोडून अजून एक नवी खेप पाहतो. तीही अशीच निघाली तर वस्तीचं नाव मला यादीतून कमी करावं लागेल. पुढच्या वेळी निम्मी अंडी एखाद्या जीपमधून आणा. खरं-खोटं होऊन जाऊ दे."

परतीच्या वाटेवर भागूबाईने ओवी धरली नाही. तिने नुसते आपले हात पाहिले. खडी फोडून पडलेले घट्टे अजून गेले नव्हते. वस्तीवर दहा जणी दारात उभ्या असणार आणि त्यांना काय सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं. मला वाटलं, मला विकून टाकावं असं गुरुजींच्या मनात आलं तर? पण खरं सांगते, त्याहून जास्त दुःख वेगळंच होतं. माझ्या पोटातून नेलेले जीव उजेड न पाहता गेले होते आणि दोष माझ्या लहान असण्याला दिला जात होता.

पुढच्या बुधवारी संध्याकाळी गुरुजी मला पुसत होते. भागूबाई आली आणि माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली.

"गुरुजी, येक इचारू? हसू नका."

"विचार की."

"माज्या ओव्या कमी पडाया लागल्यात."

"म्हणजे?"

"म्हसोबाच्या दगडापास्नं मोठ्या रस्त्याच्या फाट्यापत्तुर माज्या आठ ओव्या व्हायच्या. जात्यावरच्या लयीत, ना मागं ना पुढं. दसऱ्यापास्नं पाचच व्हतात. सहावीला तोंड उघडलं की फाटा येतोय. रस्ता तर तितकाच हाय. मी काय येड्यावानी भराभरा म्हनत न्हाई."

गुरुजींच्या हातातलं फडकं थांबलं.

"किती म्हणालीस?"

"आदी आठ. आता पाच."

"आठ... आणि पाच..."

गुरुजींनी दार उघडलं, चष्मा पुसला आणि माझ्या तबकडीवर इतके वाकले की त्यांची टोपी स्टिअरिंगला टेकली. आकड्यांखाली बारीक इंग्रजी अक्षरं होती. माझा जन्म मैलांच्या काळातला, मित्रांनो. माझा काटा तासाला किती मैल ते दाखवतो. आणि बोर्ड होता नव्या काळातला, किलोमीटरचा.

गुरुजी स्टिअरिंगमागे बसले. मग हळू म्हणाले, "पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. तीस वर्षं फळ्यावर लिहिलं गं मी हे. चुकलेल्या पोराला अंगठे धरून उभं केलं. आणि स्वतः पंचवीस किलोमीटरच्या बोर्डाला पंचवीस मैलांनी धावलो! चाळीस झाले ते!"

"मग बोर्डावरला पंचवीस म्हंजी आपल्या काट्यावर किती?"

"पंधरा-सोळा."

"पंधरा?" भागूबाईचे डोळे मोठे झाले. "म्हंजी आपली आदीची चाल!"

होय! बोर्ड लावणाऱ्या साहेबांनी तिथे लिहिलं होतं ते माझंच पाऊल. रस्त्याने, साहेबांनी आणि मी एकच उत्तर काढलं होतं.

"चला," गुरुजी खाली उतरत म्हणाले, "आधी दहा जणींना सांगून येऊ. गाडी चुकली नाही, मी चुकलो. हे मीच सांगितलं पाहिजे."

ते घरोघर गेले. प्रत्येक दारात उभं राहून, टोपी काढून त्यांनी तेच सांगितलं. एकीने विचारलं, "मग गुरुजी, आता अंगठं कोन धरनार?" वस्ती पोट धरून हसली आणि गुरुजीही.

गुरुवार उजाडला. पन्नास अंडी सहादेवच्या जीपमध्ये, पन्नास माझ्यात. सहादेव धुरळा उडवत पुढे निघून गेला. जाता जाता ओरडला, "गुरुजी, पिल्लं निघाली का कळवतो तुमाला!" म्हसोबाच्या दगडापाशी भागूबाईने घसा साफ केला आणि आठ दिवसांचा गप्पपणा मोडला.

हळू चाल खारूताई, वाट आहे खडकाची,
कवचात निजलं बाळ, झोप त्याची मोलाची.

माझा काटा पंधराच्या जरा पुढे स्थिर होता. मी दगड चुकवत नव्हते, त्यांना विचारत चालले होते. फाटा आला तेव्हा आठवी ओवी नुकतीच संपत होती. मोठ्या रस्त्यावर पन्नासच्या बोर्डाला गुरुजींनी एकतीस धरले. ट्रक भोंगे वाजवत पुढे गेले, मी डाव्या बाजूने माझ्या तालात गेले. वाफ नाही, थरथर नाही. नगरला पोहोचले तेव्हा अंग कोमट होतं. गुरुजींनी शामकांत साहेबांनाही सगळं सांगून टाकलं, शिक्षा मागायला आल्यासारखं. साहेबांनी दोन पाट्यांवर वेगवेगळ्या खुणा केल्या.

ते एकवीस दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत लांब दिवस. बाविसाव्या दिवशी आम्ही केंद्राच्या दारात थांबलो, तर आतून असा चिवचिवाट येत होता की माझं इंजिन बंद केल्याचं कोणाला कळलंच नाही. साहेब हसत बाहेर आले. जीपच्या पन्नासांतून सव्वीस, माझ्या पन्नासांतून एक्केचाळीस. वस्तीचं नाव राहिलं.

भागूबाईने एक पिल्लू तळहातावर घेतलं. घट्ट्यांनी भरलेल्या त्या हातावर ते पिवळं पिल्लू तोल सावरत उभं राहिलं. सहादेव जवळ आला, टोपी मागे सारून म्हणाला, "आक्के, जीप चुकली न्हाई, पन माजा पाय चुकला. मला बी शिकव की त्या आठ ओव्या."

"आदी आवाज लाव," ती म्हणाली. "भोंगा नको."

त्या दिवशी घरी आल्यावर भागूबाईने कुंकवाची डबी आणली आणि माझ्या तबकडीच्या काचेवर, पंधराच्या जरा पुढे, एक ठिपका लावला. गुरुजींनी त्यावर राळ लावून तो पक्का केला. पुढे कित्येक वर्षं त्या ठिपक्यावर काटा ठेवून आम्ही हजारो जीव नगरला पोहोचवले. जामखेडच्या उन्हात गेले, कोल्हारच्या पुलावरून प्रवरेचा वारा खात गेले. कुठल्याही रस्त्याने मला परत पाठवलं नाही.

आता मी थकले आहे. गुरुजी गेले. मी भागूबाईच्या छपराखाली उभी असते. चाकांत हवा नाही, एक दार मिटत नाही. वस्तीवर नव्या, जोराच्या गाड्या आल्या आहेत, आणि मला त्यांचा हेवा वाटत नाही. एवढंच मागते, मित्रांनो. तुमच्या घरी लहानशी गाडी असेल, सायकल असेल, म्हातारा बैल असेल, तर निघण्यापूर्वी रस्त्याचा बोर्ड वाचा आणि मग त्यांच्याही पोटाला कान लावा. जोर कमी असला तरी त्यांना त्यांची वाट ठाऊक असते.

भागूबाईची एक पांढरी कोंबडी गेल्या तीन आठवड्यांपासून माझ्या मागच्या बाकावर भुशात खुडूक बसली आहे. तिच्या पोटाखाली अकरा अंडी आहेत. भागूबाई रोज दाणे टाकायला येते आणि दाराशी टेकून, आता कापऱ्या आवाजात, आठही ओव्या म्हणते. मी जागची हलत नाही. काटा शून्यावर आहे आणि कुंकवाचा ठिपका अजून तांबडा आहे. आज कवचाच्या आतून पहिली टकटक ऐकू आली.