ओपोंडोचं इंजिन

केनियातल्या किसुमूच्या बाजारात माझं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. अडोंगो, सोळा वर्षांची स्वमग्न मुलगी, तिथे काम शिकायला आली. तिच्या विशेष मुलांच्या केंद्रातल्या आवुओर बाई म्हणाल्या, "हिला काय जमत नाही ते सगळं गाव सांगतं. ओन्दिती, तू जे जमतं तिथून सुरुवात कर." टाकीला कान लावून ती गाडीचं दुखणं सांगायची, आणि एकदा ऐकलेलं इंजिन कधी विसरायची नाही. मी शेफारलो. "दिसेल त्या गाडीला कान लाव," असं मीच सांगितलं. आधी मालकाला विचारायचं असतं, हे शिकवायचं राहूनच गेलं.

त्या शुक्रवारी भरदुपारी भाड्याच्या मोटरसायकलींच्या थांब्यावर आरडाओरडा झाला. महिनाभरात तिथून चार गाड्या चोरीला गेल्या होत्या. मी पोचलो तेव्हा अडोंगो धुळीत पडली होती, कपाळ फुटलं होतं, आणि वासोंगा तिच्या झिंज्या धरून ओरडत होता, "माझ्या गाडीला लगटून होती! विचारलं तर तोंड उघडत नाही महामाया!" कुणीतरी टायर आणला, चोराच्या गळ्यात घालून पेटवायचा असतो तसा. पेट्रोलही आलं.

"अरे गाढवांनो, माझ्या दुकानातली पोरगी आहे ती! कान लावून इंजिन ओळखते!" मी मध्ये घुसलो. तोंडावर दांडकं बसलं, दोन दात तिथेच पडले.

"ओळखते होय? मग ओळखू दे की," एकजण खिदळला. वासोंगानेच गाडी चालू केली.

अडोंगोने रक्ताळलेला कान टाकीला लावला. "ओपोंडोचं इंजिन," ती म्हणाली.

ओपोंडो गर्दीतच होता. त्याची गाडी जानेवारीत चोरीला गेली होती. त्याने वाकून पाहिलं, तर इंजिनावरचा नंबर घासलेला. टायर वासोंगाच्या गळ्यात पडला.

"मी विकत घेतलंय! ओन्दिती, सांग ना रे! तूच बसवलंस!"

खरं होतं ते. भंगारवाल्याकडून आणून मीच बसवलं होतं. इंजिन कुठून आलं हे विचारायची आमच्या धंद्यात पद्धत नाही. तोंडात रक्त होतं, तरी बोलता आलं असतं. मी अडोंगोला उचललं आणि पळालो. वासोंगाच्या किंकाळ्या बराच वेळ ऐकू येत होत्या. तिने दोन्ही कान दाबून धरले होते.

सोमवारी आवुओर बाई अडोंगोच्या प्रगतीचा कागद घेऊन आल्या. 'बलस्थानं' या रकान्यात त्यांनी लिहिलं: इंजिन अचूक ओळखते. त्यांचे डोळे भरून आले. "पोरी, तुझ्या कानांनीच तुला वाचवलं गं. अजून काय लिहू?"

अडोंगोला विचारलं की ती नेमकं उत्तर देते.

"लिहा, जानेवारीत पण ओळखलं होतं. काकांनी बसवून चालू केलं तेव्हाच सांगितलं, ओपोंडोचं आहे. काका म्हणाले, गप्प बस, पाना दे."

बाईंचं पेन थांबलं. दारात ओपोंडो उभा होता, तेच इंजिन परत बसवून घ्यायला आलेला. त्याने ते सावकाश खाली ठेवलं आणि थांब्यावरच्या माणसांना हाक मारली.