हलका क्लच

मनगटाचं हाड मोडल्यापासून ज्योतीरामच्या डाव्या हातात जोर राहिला नव्हता. प्लास्टर निघालं, पण जुन्या मोटारसायकलचा क्लच काही दाबता येईना. चाकणच्या कंपनीतून तो निवृत्त झालेला. नुसती गाडी पुसत बसणं त्याला जड जाऊ लागलं. शेवटी संत तुकाराम नगरातल्या गॅरेजवाल्या समाधानला त्याने घरी बोलावलं.

समाधानने दारातच क्लच उघडला. "काका, स्प्रिंगा फार कडक आहेत. मऊ टाकतो. घसरू नये म्हणून आत एक प्लेट जास्तीची बसवतो. मग दोन बोटांनी दबेल."

"गाडी ओढेल ना पण?"

"ओढेल की. एका दुपारचं काम. गाडी नवी होती तेव्हाही करता आलं असतं."

ज्योतीरामची बायको कुसुम चहा घेऊन आली होती. तिने ते ऐकलं.

ऐन तिशीत तिला मोशीच्या पुढे एका शाळेत नोकरी लागत होती. डी.एड. झालेली, माहेरी भावाची छोटी गाडी चालवलेली. तेव्हा तिकडे वेळेवर पोचवणारी बस नव्हती. ज्योतीराम कंपनीच्या बसने जायचा, हीच मोटारसायकल दिवसभर दारात उभी. "मी नेत जाईन," ती म्हणाली. त्याने मैदानात नेऊन तिला गाडीवर बसवलं. दोन्ही हात लावूनही तिला क्लच दबेना. तो हसला. "बाईमाणसाच्या हातचं नाही हे, कुसुम." शाळेने काही दिवस वाट पाहिली आणि दुसरी बाई घेतली.

त्या दिवसांत ज्योतीराम कंपनीत क्लचप्लेटांच्याच लाइनवर होता.

ऊन कललं तसं समाधानने सगळं बसवलं. ज्योतीरामने क्लच दाबून पाहिला. मनगट दुखलं नाही. "कुसुम, बघ तर!" त्याने खुशीत हाक मारली.

ती आली. पदर खोचून तिने क्लच दाबला. सोडला. परत दाबला.

"एवढंच होतं होय?"

"शिकायची का, काकू?" समाधान हसून म्हणाला.

"आता गुडघे भार धरत नाहीत, बाबा."

समाधान गेल्यावर ज्योतीराम तिच्याजवळ आला. "चुकलं माझं. मला तेव्हाही माहीत होतं, हलका करता येतो ते. लोक काय म्हणतील, म्हणून गप्प बसलो."

क्लचचं काही करणं त्याच्या हातात नव्हतं, असंच ती इतकी वर्षं धरून चालली होती.

"माहीत होतं तुम्हाला?"

ती कपबश्या उचलून आत गेली.

आता तो पिंपळे गुरवला लेकीकडे गाडीवर जातो. निघताना दर वेळी म्हणतो, "चल ना, बस मागे."

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणते. "मी येते बसने."