चांदपाशाचा वाटा

रेणापूरच्या अलीकडं पाझर तलावाचं काम चाललं होतं. पाऊस दोन वर्षं फिरकला नव्हता. लातूर जिल्हा होऊन जेमतेम सहा महिने झाले होते आणि नव्या साहेबांना हुरूप भारी! त्यांनी निरोप धाडला: तलावावरच्या दोन टोळ्यांपैकी शनिवारच्या मोजणीत जिचं काम जास्त भरेल ती राहील, दुसरीनं दहा कोसांवर खडी फोडायला जावं.

निरोप ऐकून एका टोळीची म्होरकी शांतम्मा विचारात पडली. तिची सून महादेवी दीड महिन्याची बाळंतीण. तिला घेऊन कुठं उघड्यावर राहायचं?

दुसऱ्या टोळीचा मुकादम गुंडप्पा. त्यानं पंचक्रोशीतले बारा धट्टेकट्टे गडी निवडले होते. शांतम्मानं कुदळ धरली की भल्याभल्यांना घाम फुटायचा, म्हणून तो तिलाही फोडायला आला.

“माझ्याकडं ये. तुमच्यात तो चांदपाशा कुदळी पाजवत बसणार, तुझी सून पोराला पाजत बसणार. खणणार कोन?”

“अन् त्यांचं काय?”

“त्येंचं ते बघतील की!”

शांतम्मा डळमळली, खोटं कशाला बोला. तिच्या एकटीच्या मजुरीत सून-नातू घरी बसून कसेबसे जगले असते.

“जा बेटी,” शेजारी कुदळीला धार लावत बसलेला म्हातारा चांदपाशाच म्हणाला. “माझं काय, मी हाय न्हाई सारखाच.”

त्याचा हा समजूतदारपणा ऐकून तिला संताप आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

“गप बस, चाचा. भट्टी पेटव,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिची टोळी पहाटेच्या गारव्यात सगळी मिळून कठीण जमिनीवर तुटून पडायची. चांदपाशा धार लावून कुदळी पुरवायचा, महादेवी पोराला झोळीत टाकून भाता ओढायची. टोळीतला अमृतराव तेवढा कामचुकार. पाणी प्यायला गेला की तासभर गायब. शांतम्मानं त्याला चारचौघांत असा झापला की पठ्ठ्या घागर शेजारी ठेवूनच खणू लागला. भलेपणा म्हणजे बावळटपणा नव्हे, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

गुंडप्पाच्या गड्यांत एकही ताकदीला कमी नव्हता. पण प्रत्येकानं आपापला मऊ मुरूम गाठला. कठीण पट्टा दुसऱ्यानं बघावा, बोथट कुदळीही धारेला दुसऱ्यानंच न्याव्यात!

शनिवारी इंजिनिअर टेप घेऊन आले. खोली मोजायला खड्ड्यात मातीचा एक खांब न खणता ठेवायची रीत. गुंडप्पाच्या खड्ड्यात ते बघतच राहिले. जागोजागी कठीण मातीचे उंचवटे तसेच उभे.

“अहो, खांब एक ठेवतात. तुम्ही तर डझनभर ठेवलेत! तळाला गेलंय तेवढंच धरणार मी.”

शांतम्माची टोळी राहिली. महादेवीनं पोराला उराशी धरलं आणि भरल्या डोळ्यांनी सासूकडं बघितलं. गुंडप्पाचे गडी एकमेकांना शिव्या घालत बिऱ्हाडं बांधायला गेले. गुंडप्पा मात्र घुटमळला.

“शांतम्मा, मला तरी घे. माझ्यासारखा खणणारा तुमच्यात न्हाई.”

“खणणारे लई हायेत,” शांतम्मा म्हणाली. “सुनेला आता पोराकडं बघू दे. चाचाचा भाता वढायला मानूस पायजे.”

गुंडप्पानं खांद्यावरची कुदळ म्हाताऱ्यापुढं ठेवली. मग मान खाली घालून त्याच्याजवळ बसला आणि भात्याची दोरी हातात घेतली.

“जोरात वढ,” चांदपाशा म्हणाला, “सगळ्यांच्या कुदळी हायेत.”