लाखेवरचं कबुतर

बहिणीला, प्रूला पुरून आल्यावर चौथ्या दिवशी हेस्टर पुन्हा कामाला बसली. दुसरं काय करावं ते सुचलं नाही, एवढंच. बर्मिंगहॅमच्या हॉकली भागात दोघी बहिणींचा एका खोलीतला धंदा होता. जुन्या पत्रांवरच्या लाखेच्या मोहरांचे ठसे घ्यायचे आणि त्यांवरून चांदीची पदकं, अंगठ्या घडवायच्या. गिऱ्हाइकांशी बोलायची प्रू, मुशीपाशी हेस्टर. आता दोन्हीकडे हेस्टरच होती. भूक नाही, रडू नाही. बोटं तेवढी चालत होती.

समोर एनॉक बायवॉटर या ऐंशी पार केलेल्या म्हाताऱ्याने आणून दिलेलं जुनं पत्र पडलं होतं. त्यांच्या खापरपणजीचं, हॅनाचं ठरलेलं लग्न मोडलं, त्यानंतर त्या ठरलेल्या नवऱ्याने तिला ते पाठवलं होतं. रागाच्या भरात तिने ते उघडलं नाही, टाकलंही नाही. पुढे मोहोर फुटेल म्हणून कुणीच उघडलं नाही. मोहरेवर चोचीत डहाळी धरलेलं कबुतर होतं. तेच कबुतर एनॉकना नातीच्या, थियाच्या गळ्यात लग्नात घालायचं होतं. प्रूने जानेवारीत तसा शब्द दिला होता.

जुनी लाख ठिसूळ असते. साचा चिकटू नये म्हणून तो दाबण्याआधी तिच्यावर पावडर भुरभुरायची असते. तीस वर्षांत हेस्टर हे कधी विसरली नव्हती. त्या दिवशी विसरली. साचा उचलला आणि मोहरेचे तीन तुकडे हातात आले.

तिने फोन लावला. बस किती वाजता आहे ते सांगावं तशा आवाजात म्हणाली, "मोहोर फुटली. माझ्याच हातून."

तासाभरात एनॉक दारात उभे. चेहरा लालबुंद. "तुझी बहीण कुठाय? मी तिच्याशीच बोलतो."

"वारली. मंगळवारी पुरलं तिला."

म्हातारा टोपी काढून मटकन खुर्चीत बसला. "आणि तू इथे? घरी जा म्हणून कुणी सांगितलं नाही तुला?"

"घर वरच आहे."

कागद आता मोकळाच होता. एनॉकनी चष्मा चढवला, घडी उलगडली आणि मोठ्याने वाचू लागले, "प्रिय हॅना, गुरुवारी पाऊस होईलसं दिसतं. माझी छत्री तुमच्या दारामागे राहिली आहे. कृपया पाठवावी. मूठ सांभाळून."

मागची बाजू पाहिली. कोरी.

"छत्री!" म्हातारा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. "चार पिढ्या उसासे टाकले गं पोरी आम्ही या कागदावर! माझी आई तर नाताळात हे बाहेर काढून रडायची!"

प्रू असती तर स्टुलावरून खाली पडली असती हसून. हेस्टरला ते कळत होतं, पण हसू काही येईना. तिने चहा केला.

"जोडून देते. पदकावर भेगा उमटतील, त्या घासून काढू?"

"राहू देत. छत्री मागणाऱ्याला एवढी शिक्षा हवीच."

तिने तुकडे चिकटवले, पावडर दोनदा भुरभुरली, ठसा घेतला, चांदी ओतली. पदक चांगलं उतरलं. तिला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही.

लग्नाचं आमंत्रण आलं. नाही म्हणायला काहीतरी कारण शोधावं लागलं असतं, म्हणून ती गेली. जेवणाच्या वेळी थिया शेजारी येऊन बसली. गळ्यातलं पदक चाचपत म्हणाली, "आजोबा सांगत होते तुमच्या बहिणीबद्दल. कशा होत्या हो त्या?"

"भांडखोर," हेस्टर म्हणाली. मग म्हणाली, "शिट्टी वाजवायची. कायम बेसूर." आणि मग बोलतच राहिली. नवरदेव दोनदा बोलवायला आला, थिया उठली नाही.

परतीच्या बसमध्ये हेस्टरने घड्याळ पाहिलं. लग्नात पाऊण तास प्रूबद्दल बोललो आपण. रडू तेव्हाही आलं नाही. थांबा आला तशी ती उतरली आणि चालू लागली.