सुशांतचं गणित, माझं पान

सुशांत माझा जुना मित्र, पण त्याच्याकडून काही मागून घेणं म्हणजे हाताला चीक लागू न देता फणसाचे गरे काढणं. त्याने भरती-ओहोटीचं गणित करणारा प्रोग्रॅम रस्ट नावाच्या भाषेत लिहिला होता. कणकवलीत त्याच्या मशीनवर तो झकास चालायचा, पण तो चालवता यायचा त्यातल्या आज्ञा पाठ असलेल्या माणसालाच, म्हणजे सुशांतलाच.

मी, भक्ती, कसालला बसून वेबसाइट करते. देवबागच्या होडीवाल्यांनी मला बुकिंगचं काम देऊ केलं, एका अटीवर. ओहोटीला होडी वाळूत रुतते, त्या वेळेचं तिकीट निघता कामा नये. माझं पहिलंच मोठं काम सुशांतच्या गणितावर अडलं.

रस्ट शिक, सोपं आहे, असं तो म्हणाला तेव्हा माझं डोकंच फिरलं. "माका रस्ट शिकाचा नाय. तुझा गणित माझ्या पानात बसाक होया."

नोकरी सांभाळून, कुरकुरत का होईना, त्याने तो प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये चालेल अशा लायब्ररीत, म्हणजे दुसऱ्याच्या वेबसाइटला जोडता येईल अशा तुकड्यात, बांधून दिला. सोबतच्या सूचना वाचून मला घेरी यायची बाकी राहिली. शेवटी कणकवली गाठली, माझा लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, तुझ्याच सूचना वाचून आता तूच बसव.

त्याचा चहा गार झाला. सूचना लिहिताना त्याने धरून चाललं होतं की त्याच्याकडचं सगळं सामान माझ्याही मशीनवर आहे. फाइल सापडेना, वेळ परदेशी घड्याळाची येई, आणि तारीख चुकली की काही न सांगता अख्खं पान बंद. मी भांडायला पदर खोचूनच बसले होते. तो मात्र हळूच म्हणाला, "माकाच जमना नाय, तर तुका कसा जमतला?"

मग त्याने सगळं उलगडून पुन्हा बांधलं. आता मी एक ओळ लिहायची आणि तारीख द्यायची, की होडी चालण्याच्या वेळा आपल्या घड्याळाप्रमाणे हजर. काही चुकलं तर काय चुकलं ते साध्या मराठीत. त्याला दिलेल्या सगळ्या शिव्या मी मनातल्या मनात परत घेतल्या.

होडीवाल्यांनी त्या वेळा आठवडाभर आपल्या अंदाजाशी ताडून पाहिल्या आणि काम मला दिलं. तिकिटं सुरू करण्याआधी किनाऱ्यावर नारळ ठेवला. गाऱ्हाणं घालायला, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागायला, त्यांच्यातले वडीलधारे बाबलीकाका उभे राहिले. काम कोणाच्या हातचं, नाव कोणाचं घेऊ, असं त्यांनी विचारलं. मी सुशांतचं सांगितलं, आणि अगदी मनापासून. तो नसता तर मी तिथे उभीच नसते.

तेवढ्यात सुशांत पुढे झाला. आभार मानणं त्याच्या स्वभावातच नाही.

"काकानू, आधी भक्तीचा नाव घेवा. माझा काम दुसऱ्याच्या हातात कसा द्यायचा, ता माका हिना शिकवल्यान."

काकांनी हात जोडले. "बा देवा महाराजा, ही भक्ती आणि हो सुशांत, ह्या पोरांनी आमच्या होड्यांसाठी जा काम केल्यानी, तेका यश दी रे महाराजा."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले. त्यांच्याबरोबर मीही म्हटलं.