भाकरीला फोडणी

साहेब, तुम्ही माझ्या बायकोला चारचौघींत उघडं पाडलंत.

लातूर नवा जिल्हा झाला म्हणून तुम्ही प्रदर्शन भरवलंत. कुठल्याशा कपाटात तुम्हाला दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईतल्या टंचाईच्या काळातलं, निजामाच्या राज्यातलं पाकपुस्तक सापडलं. त्यातली चिंचोक्याच्या पिठाची भाकरी करून दाखवायला तुम्ही आमच्या गल्लीतल्या बायका बोलावल्या. तेही ऐन दुष्काळात.

माझ्या महादेवीनं चूल पेटवली, तवा तापवला आणि हाताच्या सवयीनं त्यावर तेलाचा थेंब टाकून चार मोहऱ्या तडतडवल्या.

शेजारची गौसिया खदखदून हसली. "अवो भाबी, भाकरीला फोडणी? दुकानदारीणबाईंची ऐटच लई!" मग तिला वास लागला आणि तिचं हसू थांबलं. "रोज सांजच्याला तुमच्या घरातून ह्योच वास येतो की. आमी म्हणायचो, संगप्पाच्या घरी दुष्काळ न्हाई."

माझं कापडाचं दुकान वर्षभर ओस पडलंय. गल्लीत नाव राहावं म्हणून आम्ही रोज रिकाम्या तव्यावर फोडणी देतो आणि दार लावून हीच भाकरी मिठाशी खातो. महादेवीनं पदर तोंडावर ओढला. तुम्ही मात्र तुकडा चाखून म्हणालात, "वा, काय जुनी चव!"

तेव्हापासून ती नळावर जात नाही. घागर मी नेतो, मान खाली घालून.

लढाई संपून चाळीस वर्षं झाली, साहेब. मग त्या पुस्तकातलं जेवण आमच्या घरात आज का शिजतं? उत्तर द्या.