मध्ये बोललात तर मी वाजेन

“आम्ही मुली तुमच्या बायकांत धरल्या जातो का, की त्यासाठी आधी मोठं व्हावं लागतं?”

हा प्रश्न विचारणारी जेमतेम पंधरा वर्षांची. पाठीवर दप्तर, पायात बास्केटबॉलचे बूट, आणि मागे जिन्यात एकमेकींना कोपरखळ्या मारत खुदुखुदु हसणाऱ्या दोन मैत्रिणी. त्यांनीच तिला भरीस घातलं होतं. हिंमत असेल तर वर जाऊन विचारून दाखव, म्हणाल्या होत्या. आणि ही पठ्ठी खरंच आली. खोलीतल्या तिघी बायका हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत राहिल्या. मीही बघत राहिले.

मी कोण, ते आधी सांगायला हवं. मित्रांनो, मी टेबलावर ठेवायची एक जुनी पितळी घंटी. उपड्या वाटीसारखं अंग आणि डोक्यावर एक बटण. दाबलं की टिंग. एवढंच माझं शिक्षण.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने मला घासूनपुसून लख्ख केलं, कानाशी धरून वाजवलं आणि म्हणाला, आवाज गोड आहे. ते माझं पहिलं कौतुक. दुसऱ्यासाठी मला फार वर्षं थांबावं लागलं.

कारण मी गेले ती थेट एका बड्या साहेबांच्या टेबलावर. साहेबांना पाणी हवं, टिंग. फाईल हवी, टिंग. पंखा वाढवायचा, टिंग, मग पंख्याचं बटण त्यांच्या कोपरापाशी का असेना. बाहेर स्टुलावर बसलेला शिपाई माझ्या आवाजासरशी दचकून उठायचा आणि माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच त्याला हाक मारली. फार वाईट वाटायचं हो. पण काय करणार? बटण माझ्या डोक्यावर होतं, माझ्या हातात नव्हतं.

पुढे भिंतीवर विजेची घंटा आली आणि माझी रवानगी खणात झाली. सोबतीला वाळलेली पेनं, वाकलेल्या टाचण्या आणि बुटाची एकटीच नाडी. माझी स्प्रिंग गंजली. ते टेबल जुन्या सामानात निघालं तेव्हा आत मी आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं.

टेबल घेतलं ते या तिघींनी. आसपासच्या बायकांच्या हक्कांसाठी भांडणारी एक संघटना आहे, ती या तिघी चालवतात. टेलरकाकू दिवसभर शिवणकाम करतात. सिस्टर दवाखान्यातून निवृत्त झाल्यात, पण अजून कुणी खोकलं तरी कपाळाला हात लावून बघतात. आणि वकीलताई कोर्टातून आल्या की आधी चपला काढतात, मग काळा कोट, मग चिडलेला चेहरा. त्यांचं ऑफिस म्हणजे इस्त्रीच्या दुकानावरची एक खोली. खालून गरम कपड्यांचा वास येतो आणि दुपारी फरशी तापते.

टेलरकाकूंनी खण उघडला, मला दाबून पाहिलं. मी नुसतं ‘खट्’ केलं. दुसरं कुणी असतं तर मला खिडकीतूनच निरोप मिळाला असता. काकूंनी पर्समधून शिलाई मशीनच्या तेलाची कुपी काढली, दोन थेंब सोडले, चिंधीने मला गोल गोल पुसलं आणि म्हणाल्या, “बोल गं बाई.”

आणि मी बोलले. ते उपकार मी जन्मात विसरणार नाही.

पण मला काम काय द्यायचं? तर तिघी एकदम बोलायला लागल्या की एकीचंही धड ऐकू यायचं नाही. खालचे इस्त्रीवाले काका ग्राहकांना सांगायचे, घाबरू नका, वरती एकमत होतंय. शेवटी सिस्टरांनी नियम काढला आणि भिंतीवर लिहून लावला. जी बोलतेय तिचं पूर्ण होऊ द्यायचं. कुणी मध्ये तोंड घातलं की घंटी दाबायची, आणि ती कुणीही दाबायची.

पूर्वी माझा आवाज म्हणजे हुकूम होता. आता माझा आवाज म्हणजे, थांबा, तिला बोलू द्या. मित्रांनो, नोकरी बदलावी तर अशी.

काय काय ऐकलं मी त्या टेबलावरून. पॅकिंगच्या कारखान्यातल्या बायकांनी सांगितलं की त्यांच्या संडासाला आतून कडी नाही. या तिघी रोज फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि कडी लागली तेव्हाच थांबल्या. एकदा एक बाई आली आणि खुर्चीत बसून नुसती गप्प राहिली. चहा निवला, उन्हाचा पट्टा भिंतीवर चढला, तरी कुणी तिला घाई केली नाही. त्या दिवशी मी एकदाही वाजले नाही, याचा मला जास्त अभिमान आहे.

तर आता त्या मुलीकडे वळू. सिस्टरांनी तिला खुर्ची दिली आणि मिनिटाच्या आत तिचं नावही ठेवून टाकलं, तुडतुडी. प्रश्न गमतीत आला होता, पण तुडतुडी बोलायला लागली तशी जिन्यातली खुसखुस थांबली. शाळा सुटल्यावर त्यांचा बास्केटबॉलचा सराव असतो. घरी येताना गोदामामागची गल्ली लागते. तिथले दिवे गेलेत, आणि भिंतीवर टवाळ पोरं बसून नाही नाही ते बोलतात. एका मैत्रिणीच्या घरी कळलं, तिचा सराव बंद झाला. मग दुसरीचा. काल ही बातमी तुडतुडीच्या बाबांच्या कानावर गेली, आणि सोमवारपासून शाळा सुटली की सरळ घरी, असं ठरलं. तिला संघ सोडायचा नव्हता. आणि...

त्या ‘आणि’च्या पुढे तिला जाताच आलं नाही. वकीलताई म्हणाल्या, दिव्यांचा अर्ज मी आत्ताच लिहिते. टेलरकाकू म्हणाल्या, त्या पोरांतल्या दोघांच्या आयांचे ब्लाउज माझ्याकडे आहेत, बघतेच आता. सिस्टर तर मायेनेच म्हणाल्या, बाळा, दिवे लागेपर्यंत थोडे दिवस घरी थांबलीस तर काय बिघडतं?

ज्यांनी अख्ख्या वस्तीला ऐकायला शिकवलं, त्या तिघी एका पोरीला बोलू देत नव्हत्या. वाईट हेतू नव्हता हो. लहान आहे, आपण तिचं भलं करून टाकू, एवढंच. माझा जीव वरखाली होत होता. बाहेरून आलेल्या कुणी या तिघींवर मला आजवर वाजवलंच नव्हतं.

तुडतुडीने भिंतीवरचा नियम वाचला. मग हात पुढे केला आणि मला असं दाबलं की खाली इस्त्री थांबली.

“माझं अजून संपलं नाही,” ती म्हणाली.

मग सिस्टरांनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

“घरी, शाळेत, आता इथेसुद्धा, सगळे माझ्यासाठी ठरवतात. मला काय हवंय ते कुणी विचारतच नाही. मला घरी बसायचं नाही. मला खेळायचंय. आणि बाबांना ते सांगताना माझी बोबडी वळते, म्हणून मला कुणीतरी शेजारी बसायला हवंय.”

वकीलताईंनी अर्धा लिहिलेला अर्ज बाजूला सारला. “चुकलं आमचं,” त्या म्हणाल्या. “आणि हो, तुम्ही बायकांत धरल्या जाता.”

रविवारी तिघींनी बोलावलं म्हणून तुडतुडीचे आईबाबा आले. बाबा बेकरीत भट्टीवर असतात, आई औषधांच्या दुकानात. आधी बाबा बोलले. त्यांची पाळी संध्याकाळची. पोरीला काही झालं तर मी भट्टीसमोर असेन, तिच्यासमोर नाही, म्हणाले. कुणी मध्ये बोललं नाही. मग आई बोलायला लागली आणि बाबा सवयीने म्हणाले, “अहो, तिला काय म्हणायचंय...”

टिंग.

मला दाबणारं बोट आईचं होतं. तिचं तिलाच नवल वाटलं.

“मला काय म्हणायचंय ते मीच सांगते,” ती म्हणाली. “लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या गल्लीतून जात नाही. पिशव्या घेऊन लांबून वळसा घालते. तुम्हाला वाटतं मला बाजारातून यायला आवडतं. तेव्हाही तिथे कुणीतरी बसलेलंच असायचं. आता हिनेही वळसाच घालायचा का?”

बाबा खुर्ची वळवून तिच्यासमोर बसले. मग विचारलं, “एवढी वर्षं? मला बोलली का नाहीस?” आणि उत्तर येईपर्यंत ते थांबले. मित्रांनो, तुमच्या घरी घंटी नसेल, पण समोरच्याचं बोलणं पुरतं होईपर्यंत थांबायला ती लागतेच असं नाही. बोलणाऱ्याला जपा. मला दोन थेंब तेल पुरलं होतं. माणसाला तेवढं थांबणं पुरतं.

मग तिघींनी आपलं सांगितलं. अर्ज गेलाय. दिवे लागेपर्यंत सरावाच्या वेळी त्या तिघी त्याच भिंतीवर जाऊन बसणार. भिंत काही त्या पोरांच्या तीर्थरूपांनी बांधलेली नाही, टेलरकाकू म्हणाल्या, मी शिवण घेऊनच बसते. पण जायचं की नाही, ते हिने ठरवायचं.

सगळ्यांनी तुडतुडीकडे पाहिलं. एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला वकीलताई. ती उभी राहिली. या वेळी बोबडी वळली नाही.

“आई, बाबा, मी संघ सोडणार नाही. उद्या सराव झाला की आम्ही सगळ्या मिळून त्या गल्लीतूनच घरी येणार आहोत. आई, तू दुकानातून सुटलीस की कोपऱ्यावर थांब. तुलाही त्याच रस्त्याने घरी आणणार आहे मी.”